नारळपाणी, ज्वारी आणि खाटेजवळच्या आहारतज्ज्ञ

दवाखान्यात पेशंटला पाहायला जाताना आपण काय नेतो? नारळपाणी, नाहीतर मोसंबी. रिकाम्या हातानं गेलं की चुकल्यासारखं वाटतं.

काही वर्षांपूर्वी आमचे मोठे बाबा किडनीच्या त्रासानं एका दवाखान्यात भरती होते. गाव दारव्हा तालुक्यातलं. जेवण जात नव्हतं, म्हणून मोठी आई दिवसातून दोन-तीन नारळ पाजायची. आणून देणारे आम्हीच. चौथ्या दिवशी रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं की डॉक्टरांची धावपळ झाली. तोवर यांच्या पोटात काय जातंय हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा एक आहारतज्ज्ञ बाई खाटेजवळ आल्या.

"मावशी, काय खाऊ घालता यांना?"

"जेवतच नाही ना बाई. नारळपाणी तेवढं पाजतो."

बाईंनी समजावलं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. धडकी किडनी जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकते, खराब किडनीला ते जमत नाही. ते रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. मग विचारलं, घरी भाकर की पोळी, भाज्या कोणत्या, मीठ कोणतं. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेका, मग फोडणी द्या. 'लो सोडियम' मीठ नको, त्यातही पोटॅशियमच असतं. पुढे डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्यांनीच प्रथिनं वाढवायला सांगितली. आधी डाळ मोजून, आता जास्त. माणूस तोच, पथ्य उलटं!

तेव्हापासून या विषयाचा इतिहास वाचत गेलो. थोडा तुम्हालाही सांगतो.

1854 साली क्रिमियाच्या युद्धात फ्लोरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचल्या. तिथं अन्न नव्हतं असं नाही. पण एकाच्या ताटात मांस, तर दुसऱ्याच्या ताटात नुसती हाडं. जेवण कधी येईल, पेशंट ते खातो की तसंच परत जातं, हे पाहायला कोणी नाही. 1855 मध्ये लंडनचा नावाजलेला आचारी अलेक्सी स्वायर तिथं गेला आणि त्यानं स्वयंपाकघरांची घडी बसवली. पुढे नाइटिंगेलबाईंनी नर्सिंगवरच्या पुस्तकात पेशंटच्या जेवणावर स्वतंत्र लिहिलं. अन्न समोर असूनही पेशंट उपाशी राहतात, ही त्यांची तक्रार होती.

आपल्याकडे हे शास्त्र 1918 मध्ये तामिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या छोट्या बेरीबेरी संशोधन केंद्रातून सुरू झालं. तीच संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली. आज तिला आपण राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतो.

हैदराबादला आल्यावर तिथल्या डॉक्टरांसमोर जो प्रश्न आला, तो आपल्या ताटातला होता. दख्खनच्या पठारावर जवळपास फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, डोकं भ्रमायचं. कारण नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. 1960 मध्ये डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्युसिनशी याचा संबंध जोडला. त्यावर पुढे वाद झाले. पण ज्वारी वाईट नाही, नुसती ज्वारी वाईट, एवढं नक्की. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे हवेत. नायसिनच्या गोळीनं माणूस बरा होतो, पण घरी जाऊन तेच ताट असेल तर दुखणं परत येतं. म्हणून त्या ताटाबद्दल बोलणारं कोणीतरी दवाखान्यात हवं. याच गोपालन यांच्या पुढाकारानं 1963 मध्ये इंडियन डायटेटिक असोसिएशन उभी राहिली.

दुसरा धडा उपासमारीचा. 1945 मध्ये जर्मनीतल्या बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीतून सुटलेल्या हाडांच्या सापळ्यांना सैनिकांनी मायेनं आपलं भारी जेवण दिलं, आणि ते न सोसून माणसं दगावली. मग 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं पातळ मिश्रण तिथं आणलं, तर ते इतकं गोड की अनेकांच्या घशाखाली उतरेना. उपाशी शरीराला हळूहळू वर आणावं लागतं, आणि तेही त्याच्या जिभेला विचारून.

आज पोषण पुनर्वसन केंद्रात (एनआरसी) हेच चालतं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं लेकरू भरती झालं की पहिल्या दिवसांत एफ-75 हे दूध, 100 मिलीला फक्त 75 कॅलरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सावरलं की एफ-100. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागातल्या कोलाम पोडावरून आलेल्या आईला वाटणारच, "लेकरू उपाशी, अन् हे वाटीभर दूध?" तिला कारण सांगणारी, आणि घरी गेल्यावर काय शिजवायचं ते शिकवणारी व्यक्ती तिथं नसेल, तर ती आई लेकराला उचलून घरी नेईल. तिचा दोष काय?

2021 मध्ये केंद्रानं सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञांनाही स्थान मिळालं. चांगलं झालं. पण आजही 'डाएटवाल्या मॅडम' म्हणजे वजन कमी करून देणाऱ्या, नाहीतर किचनचा हिशेब ठेवणाऱ्या, अशी आपली समजूत. आणि पथ्य म्हणजे 'हे खाऊ नका'ची यादी. खरं काम पुढचं आहे: मग खायचं काय?

मोठे बाबा त्या वेळी वाचले ते डॉक्टर, डायलिसिस आणि औषधांमुळे. पण ते दुखणं आम्हीच नारळानं वाढवत होतो, आणि ते थांबवलं एका प्रश्नानं. तो प्रश्न चौथ्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी विचारला जायला हवा. भरती होताना बीपी, शुगर पाहतात तसंच.

म्हणून एक विनंती. घरचं कोणी भरती झालं तर पहिल्याच दिवशी विचारा, "इथं आहारतज्ज्ञ आहेत का? आमच्या पेशंटला कधी पाहतील?" नसतील तर पद भरलं आहे की रिकामं, तेही विचारा. आपण विचारत नाही, म्हणून कोणाला गरज वाटत नाही.

आणि पेशंटला पाहायला जाताना नारळ घेण्याआधी एक फोन करा. चालतं का, विचारा.

तुमचा अनुभव काय, खाली लिहा.