आटे गेलेल्या भोकाची गोष्ट

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर उडालेले राइट बंधूंचे विमान सर्वांना ठाऊक असते. त्याच्या इंजिनाचा सांगाडा ओतीव ॲल्युमिनियमचा होता, ही बाब मात्र सहसा तळटीपेतच राहते. पुरेसे हलके इंजिन कोणी देईना, म्हणून चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने ते दुकानातच घडवले. लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचा धातू हाताशी होता, कारण १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची पद्धत स्वतंत्रपणे शोधली होती.

या हलकेपणाची किंमत एका क्षुल्लक जागी मोजावी लागली: बोल्टच्या भोकात.

बोल्ट पोलादी, भोकातले आटे ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बोल्ट पुनःपुन्हा काढला-बसवला की मऊ आटे झिजतात, आणि एके दिवशी पाना नुसताच फिरत राहतो. स्पार्क प्लगच्या भोकाचे दुखणे सर्वांत मोठे. दुसऱ्या महायुद्धातील अठरा सिलिंडरच्या विमान-इंजिनात प्रत्येकी दोन, म्हणजे ३६ प्लग असत, आणि ते सफाईसाठी वारंवार निघत. आटे गेलेला प्लग उडताना निसटला, तर तो सिलिंडर निकामीच. जमिनीवर हे लक्षात आले, तरी एका भोकापायी अख्खे हेड भंगारात घालण्याची वेळ येई.

जुने उपाय दोन. भोक मोठे करून जाड बोल्ट घालावा. पण प्लगचे माप कसे बदलणार? किंवा आत पितळी अथवा ब्राँझचा बुश बसवावा. पण त्यासाठी भोकाभोवती भरपूर धातू हवा, आणि विमानाच्या इंजिनात तोच काटकसरीने वापरलेला.

येथे हॅरल्ड कॅमिनेझ हे नाव येते. १९२० च्या दशकात त्याने क्रँकशाफ्टऐवजी कॅमवर चालणारे विमान-इंजिन रचले. ते इतके थरथरे की टिकले नाही, आणि इतिहासात त्याची नोंद बहुधा फसलेला प्रयोग म्हणूनच होते. हा निवाडा अपुरा आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या ‘एअरक्राफ्ट स्क्रू प्रॉडक्ट्स’ या कंपनीसाठी त्याने जे पेटंट घेतले, ते तारेच्या वेटोळ्याचे होते. त्याच्याच वंशातली वस्तू पुढे ‘हेलि-कॉइल’ नावाने जगभर गेली.

रचना साधी आहे. तारेचा छेद पत्त्यांतील चौकटीसारखा. त्यामुळे वेटोळ्याला बाहेरूनही आटे, आतूनही आटे. खराब भोक किंचित मोठे ड्रिल करायचे, खास टॅपने नवे आटे पाडायचे आणि वेटोळे आत फिरवत न्यायचे. मोकळे असताना ते भोकापेक्षा थोडे मोठे असते, म्हणून स्प्रिंगसारखे ताणून स्वतःच धरून बसते. तळाची आडवी शेपटी खाचेपाशी तोडली की काम संपले. आत मूळ मापाचेच भोक, पण आता स्टेनलेस पोलादाच्या आट्यांचे. शिवाय लवचीक वेटोळे भार अनेक आट्यांवर पसरवते. एरवी तो पहिल्या दोन-तीन आट्यांवरच येतो.

म्हणजे दुरुस्त भोक मूळ भोकाहून बळकट ठरले. मग ते बिघडण्याची वाट का पाहावी? लायकमिंग आणि कॉन्टिनेंटल यांच्या विमान-इंजिनांत प्लगच्या भोकात असे वेटोळे कारखान्यातूनच बसून येते. आपल्याकडे बजाज चेतकचे हेडही ॲल्युमिनियमचेच होते. ‘प्लगचे आटे गेले’ ही गॅरेजमधली तक्रार त्याच हलक्या धातूची.