‘हवाबंद’ पाकिटातून ऑक्सिजन किती आत शिरतो? तो मोजतात कसा?

भंडारा जिल्ह्याच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. हा तांदूळ आता छोट्या पाकिटांतूनही विकला जातो. पाकिटावर ‘एअर टाइट’ असं लिहिलेलं असतं. पण कोणतंही प्लास्टिक पूर्णपणे हवाबंद नसतं. भोक नसलं तरी ऑक्सिजनचे रेणू त्यातून हळूहळू झिरपतात.

फरक काय पडतो?

पाकिटातला ऑक्सिजन साधारण ३ टक्क्यांच्या खाली ठेवला, तर सोंड्यांसारखे किडे जगू शकत नाहीत. हातसडीच्या तांदळावर कोंडा असतो. त्यातलं तेल ऑक्सिजनमुळे खवट होतं.

मोजतात कसं?

फिल्मचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये घट्ट बसवतात. आधी दोन्हीकडची हवा नायट्रोजनने घालवतात. मग एका बाजूने शुद्ध ऑक्सिजन सोडतात, तर दुसऱ्या बाजूने नायट्रोजन वाहत राहतो. फिल्ममधून झिरपलेला ऑक्सिजन या नायट्रोजनबरोबर सेन्सरपर्यंत पोहोचतो. तिथे ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूमागे चार इलेक्ट्रॉन वाहतात, म्हणजे जितका ऑक्सिजन तितकी वीज. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं; चांगल्या फिल्मला कधी कधी काही दिवसही लागतात.

या आकड्याला ‘ऑक्सिजन ट्रान्समिशन रेट’ किंवा ओटीआर म्हणतात. एक चौरस मीटर फिल्ममधून २४ तासांत किती सीसी ऑक्सिजन गेला, हे तो सांगतो. ‘एएसटीएम डी ३९८५’ ही त्यासाठीची प्रचलित प्रमाण पद्धत आहे.

आकडे काय सांगतात?

५० मायक्रॉनच्या साध्या पॉलिथिनचा ओटीआर साधारण ४,००० असतो. धातूचा थर दिलेल्या चांगल्या चकचकीत पॉलिएस्टरचा तो १ च्या आसपास असतो.

समजा, किलोभर तांदळाच्या पाकिटाला दोन्ही बाजू मिळून ०.१२ चौरस मीटर फिल्म लागते. चाचणीत शुद्ध ऑक्सिजन असतो, पण हवेत तो फक्त २१ टक्के असतो. त्यामुळे आतला ऑक्सिजन काढून टाकलेल्या पॉलिथिनच्या पाकिटात सुरुवातीला दिवसाला सुमारे १०० सीसी ऑक्सिजन शिरेल. चकचकीत पाकिटात १०० दिवसांतही जेमतेम अडीच सीसी जाईल.

मग फक्त आकडा पाहून फिल्म घ्यावी का?

नाही. चाचणी बहुतेक वेळा २३ अंश सेल्सिअसला आणि कोरड्या हवेत होते. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नंतर दमट पावसाळा येतो. तापमान वाढलं की प्लास्टिकमधून ऑक्सिजन जास्त झिरपतो. ईव्हीओएच नावाचं प्लास्टिक कोरडं असताना उत्तम अडवतं, पण ओलाव्यात त्याची ताकद घटते.

बचत गटाने किंवा शेतकरी कंपनीने विक्रेत्याला काय विचारावं?

• ओटीआर किती? कोणत्या तापमानाला आणि किती आर्द्रतेला मोजला?
• एकक कोणतं? काही परदेशी माहितीपत्रकांत आकडा १०० चौरस इंचांसाठी असतो. तिथला १ म्हणजे आपल्याकडचे १५.५.
• चाचणी सपाट फिल्मची झाली की तयार पाकिटाची? सील कच्चं असेल किंवा घडीवर बारीक भोक पडलं असेल, तर महागडी फिल्मही वाया जाते.

थोडक्यात: ‘हवाबंद’ हा शब्द आहे, ओटीआर हे माप आहे. पण ते माप कोणत्या परिस्थितीत घेतलं, हे कळल्याशिवाय पैसे मोजू नका.