आजोबांची फाईल

माझ्याकडे वर्डची एक जुनी फाईल आहे. आकार १८४ केबी, शेवटची दुरुस्ती नोव्हेंबर २००२. नाव इंग्रजी अक्षरांत, ‘सणसर फायनल २’. (डीटीपीच्या धंद्यात ‘फायनल’ला नंबर का लागतो, हे ज्यांनी एकदा तरी लग्नपत्रिका छापून घेतली आहे त्यांना सांगायला नको.) ही फाईल उघडली की डोक्यावर दोन टिंबं असलेले यू, शेपटीवाले सी, पौंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं असं काहीतरी पानंच्या पानं दिसायचं. एकूण चाळीस पानं. तेरा वर्षं ती मला अशीच दिसली, आणि तशी दिसायला कारणीभूत मीच होतो.

आमचं गाव सणसर. बारामतीहून इंदापूरला निघालं की काटेवाडीनंतर लागतं. शेजारी भवानीनगर, तिथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, वाटेत काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मुक्कामाला ती आमच्याकडे येते. आजोबांची नोकरी वजनकाट्यावर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनशे पानी दोन वह्या भरून आठवणी लिहिल्या. नीरा डाव्या कालव्याच्या पाळ्या, काट्यासमोर रात्रभर थांबलेल्या बैलगाड्या, पालखीच्या मुक्कामाला गावात उठणारा धूर आणि गोंधळ. त्याची पुस्तिका छापायची म्हणून वह्या एका डीटीपीवाल्याकडे दिल्या. मजकूर टाईप झाला, पहिल्या दोन पानांचं प्रूफ आलं, आजोबांनी ते लाल पेनाने तपासलं. मग पैशांचं कुठेतरी अडलं. पुढे दुकान बंद झालं आणि वह्याही गेल्या. राहिली एक फ्लॉपी.

२००६ साली अण्णांनी बारामतीतून सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम आणि टेबल वाकवणारा मॉनिटर. फ्लॉपीवरची फाईल डी ड्राईव्हवर घेतली, सोबतचा फॉन्टही घातला, आणि आजोबांचं लिहिणं पडद्यावर उमटलं. ते लोडशेडिंगचे दिवस होते. लाईट गेली की यूपीएस सात मिनिटं तग धरायचा. त्यामुळे आमच्या घरात आजोबांच्या आठवणी सात-सात मिनिटांच्या हप्त्यांत वाचल्या गेल्या आहेत. २००८ मध्ये आजोबा गेले. नंतर कधीतरी आज्जी म्हणायची, ‘उघड रं त्यांचं,’ आणि मी वाचून दाखवायचो.

२०१० मध्ये कुणाच्या तरी पेनड्राईव्हमधून व्हायरस आला. मी तेरा वर्षांचा, शाळेतला एकमेव ‘कॉम्प्युटरवाला’. सी ड्राईव्ह फॉरमॅट करून एक्सपी पुन्हा घातलं. डी ड्राईव्हला हात लावला नाही, या हुशारीबद्दल दोन दिवस स्वतःवरच खूश होतो. तिसऱ्या दिवशी फाईल उघडली. फॉन्ट सी ड्राईव्हवर असतात हे मला तेव्हा कळलं. फ्लॉपीवर एव्हाना बुरशी चढली होती. आज्जीला सांगितलं, ‘व्हायरसनं फाईल खाल्ली.’

फाईलला काहीच झालं नव्हतं. तिच्यात मराठी मुळात कधी नव्हतंच. हे नीट समजायला मला इंजिनिअरिंगची पदवी आणि दोन नोकऱ्या लागल्या.

त्या काळच्या साध्या फॉन्टमध्ये एकूण २५६ घरं. त्यातली काही कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामासाठी राखलेली. उरलेल्या घरांत इंग्रजी आणि युरोपातल्या भाषांची अक्षरं. विंडोज ९५ किंवा ९८ ला देवनागरीची जोडाक्षरं जुळवणं ठाऊक नव्हतं. मग आपल्याकडच्या फॉन्टवाल्यांनी युक्ती केली. कॉम्प्युटरला सांगायचं की हे इंग्रजीच आहे, आणि त्या घरांत चित्रं मात्र मराठी बसवायची. अर्धा ग, अर्धा त, काना, दोन-तीन लांबीच्या वेलांट्या, रफार असे अक्षरांचे तुकडे. युक्ती तशी नवीन नव्हती. निर्णयसागरसारख्या छापखान्यांत खिळे जुळवणारे कंपोझिटरही असेच तुकडे उचलून शब्द बांधत. फरक एवढाच की शिशाचा तुकडा दिसतो तोच असतो. फाईलमध्ये तुकडा साठत नाही, फक्त घराचा नंबर साठतो. त्या घरात कोण राहतं हे एकट्या फॉन्टला माहीत. पुण्याची श्रीलिपी, सीडॅकचे ‘योगेश’ आणि ‘सुरेख’, गल्लोगल्ली कॉपी झालेला ‘शिवाजी’, प्रत्येकाची घरवाटणी वेगळी. फॉन्ट गेला की नुसते घरनंबर हातात राहतात.

मला गंमत आणि चीड एकदमच येते ती पुढच्या गोष्टीची. याचं बरोबर उत्तर आमच्या गावापासून शंभरेक किलोमीटरवर आधीच तयार होतं. पुण्यात १९८८ साली सीडॅक सुरू झालं. लोकांना आठवतो तो १९९१ चा परम महासंगणक, पण तिथेच जिस्ट नावाचं कामही चालू होतं. त्याची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली होती, आणि मोहन तांबे हे त्यामागचं मोठं नाव. जिस्टचं कार्ड पीसीत बसवलं की डॉसमध्ये भारतीय लिप्या चालत. त्यामागचा विचार असा की साठवायचा तो उच्चार, चित्र नाही. ‘कि’ म्हणजे आधी क, मग इकार. वेलांटी डावीकडे काढायची हे दाखवणाऱ्याने बघावं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ हे मानक याच पायावर काढलं. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी घेतली गेली ती इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून. आज तुम्ही हा लेख मोबाईलवर वाचताय, त्यातल्या प्रत्येक अक्षराचा नंबर तिथून आलेला आहे.

म्हणजे आजोबांची फाईल टाईप झाली त्याच्या अकरा वर्षं आधी उत्तर होतं. मग डीटीपीवाल्याने ते का वापरलं नाही? मी बरेच दिवस त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता घालत नाही. त्याचं सगळं काम पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकरला शेवटपर्यंत युनिकोड आलं नाही. त्याला हवा होता कागद. कागदावर अक्षर सुंदर उमटलं की गिऱ्हाईक खूश. वीस वर्षांनी कुणी फाईल उघडेल हा विचार त्यानेच काय, फॉन्ट विकणाऱ्यांनीही केला नव्हता. शिवाय हाताची सवय. टायपिंग क्लासमध्ये टाईपरायटरवर बोटं तयार झालेला माणूस तोच कीबोर्ड मागणार. सरकारी मानकाचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला सोपा आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, मधल्या ओळीत प, र, क, त. मी तो आठवड्यात शिकलो. पण मला आधीचं काही विसरायचं नव्हतं.

विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या घरात देवनागरी आली, सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट. मंगल वळणाला रुक्ष आहे असं माझं मत होतं. तो र. कृ. जोशींनी केला हे कळल्यावर मी ते जरा मवाळ केलं. सुलेखनकार, मराठी कवी, आयआयटी मुंबईत शिकवणारा हा माणूस. त्याचं अक्षर जगभरच्या विंडोजमध्ये पोचलं आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नाही. एक्सपीत मात्र देवनागरी आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करायची, मग ते विंडोजची सीडी मागायचं. आमच्याकडे सीडी होती. टिक करायला कुणी सांगितलं नाही. तेराव्या वर्षी ती टिक केली असती तरी आजोबांची फाईल उघडली नसती, हे वेगळं. पण मराठी लिहिता येतं हे तरी कळलं असतं. मी आणि माझे मित्र पुढची पाच-सहा वर्षं ‘कसा आहेस’ इंग्रजी अक्षरांत लिहीत राहिलो. त्यात आळसाइतकाच हिशोबही होता. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्या ७० मध्ये काना-मात्राही वेगळे मोजले जातात.

२०२३ च्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा आज्जीने ट्रंक आवरायला काढली होती. तळाशी पिवळी पडलेली दोन पानं निघाली. लाल पेनाच्या खुणा. ते प्रूफ होतं.

मग मी रजा वाढवली. फॉन्टचं नाव फाईलमध्ये नोंदलेलं होतं, त्या नावाचे फॉन्ट इंटरनेटवर सापडलेही, पण त्यांची घरवाटणी वेगळी निघाली. नाव एक, आवृत्ती दुसरी. मात्र आता माझ्याकडे एका बाजूला घरनंबर होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच मजकुराचा छापील कागद. एकेक चिन्ह लावत बसलो. पहिल्या रात्रीत बहुतेक मुळाक्षरं लागली. प्रूफमध्ये न आलेली चिन्हं पुढच्या पानांतून ओळखायची होती. एक चिन्ह सारखं येत होतं, वि आणि ल यांच्या मधोमध. वि, काहीतरी, ल. पालखीच्या प्रकरणात तर दर चार ओळींनी. ते ओळखायला कॉम्प्युटरची गरज पडली नाही. विठ्ठलातला ठ्ठ मिळाला आणि त्याच्यामागून काट्यावरची चिठ्ठीही आली.

नंबर लावले म्हणजे झालं असं मात्र नाही. जुना फॉन्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने लिहितो, युनिकोड बोलतो त्या क्रमाने. ‘आर्थिक’ हा शब्द फाईलमध्ये आ, वेलांटी, थ, रफार, क असा होता. युनिकोडला हवा आ, अर्धा र, थ, इकार, क. वेलांटी पुढच्या पूर्ण जोडाक्षरापलीकडे ढकलायची, रफार मागे ओढायचा. ‘पूर्ण जोडाक्षर’ कुठे संपतं हे प्रोग्रामला समजावण्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी मजकूर वाचता येऊ लागला आणि पहिल्याच पानावर ‘वारकर्यांना’ असं आलं. मग ‘शेतकर्यांचा’. मग ‘कामकर्यांनी’. सगळीकडे डोक्यावर रफार चढलेला. मराठी माणसाला हे वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं. आपल्याकडे आचार्यांना जेवायला बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. हिंदीला हा भेद नाही, म्हणून तो अनेक जुन्या हत्यारांतून सुटला. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे, पण आडवाटेने. द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी ठेवलेला, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, मग आपला आडवा र तयार होतो. ‘ॲ’ हे अख्खं अक्षर तर २००८ मध्ये मिळालं. शेतकरी आणि वारकरी सोडून आमच्या आजोबांकडे दुसरा विषय नव्हता, त्यामुळे हा एक नियम सुधारल्यावर फाईलमध्ये चारशेच्या वर जागा दुरुस्त झाल्या.

आज्जीला टॅब्लेटवर मोठ्या अक्षरात उघडून दिलं. तिने चष्मा लावला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘ह्यो ल काठी टेकून का हुबा हाय?’ मराठी शाळेत शिकवतात तो पाकळीचा ल, आणि पडद्यावर होता हिंदी वळणाचा, दांडीचा. यासाठी वेगळा नंबर नसतो. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की काही फॉन्ट आपण होऊन पाकळी काढतात. मी तसा फॉन्ट लावला. मग व्हायरसचं खरं काय ते तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘बरं. म्होरं वाच.’

वाचता वाचता एका चिन्हापाशी अडलो. ते फक्त तीन ठिकाणी होतं, नेहमी १ या आकड्यानंतर. खुरपणीला बायकांना रोज १ आणि ते चिन्ह, रुपये. पाव, अर्धा की पाऊण, मजकुरावरून कळायला मार्ग नव्हता. मी तिन्ही जागा पिवळ्या करून ठेवल्या होत्या. हे मी स्वतःशीच बडबडत होतो.

‘सव्वा,’ आज्जी म्हणाली. ‘गड्याला दोन, बाईला सव्वा.’

‘तुला काय माहीत, आज्जी?’

‘मी जायची की खुरपायला. लगीन झाल्यावर दोन वरीस.’

आजोबांनी त्या परिच्छेदात लिहिलंय, ‘गावातील काही बायका जात.’ मी तिन्ही ठिकाणी सव्वा टाकला आणि पिवळा रंग काढला.