सुंभ जळाला, पीळ उरला : संगणकातील अवशेषांचा छोटासा इतिहास

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्या दिवशी चर्चा झाली ती गणनक्षमतेची, आणि ते योग्यच होते. परंतु अशा यंत्रावर काम करणाऱ्या संशोधकाला आणि घरच्या लॅपटॉपवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला अडवणारा प्रश्न पुष्कळदा वेगाचा नसतोच. नवा प्रोग्राम बसतच नाही, कारण काढून टाकलेल्या जुन्या प्रोग्रामचे अवशेष वाट अडवून बसलेले असतात. या साध्या अडचणीला तीन दशकांहून मोठा इतिहास आहे.

डॉसच्या काळात बहुतेक प्रोग्राम एका डिरेक्टरीत राहत. ती पुसली आणि आरंभीच्या दोन फायलींतील एखादी ओळ खोडली की काम झाले. विंडोजने हे चित्र पालटले. डिस्कवरील जागा आणि मेमरी महाग होती, म्हणून अनेक प्रोग्रामांना लागणारा समान भाग एकाच सामायिक फायलीत, म्हणजे ‘डीएलएल’मध्ये ठेवण्याची पद्धत रुजली. १९९५ साली विंडोज ९५ आले आणि प्रत्येक प्रोग्रामची माहिती ‘रजिस्ट्री’ नावाच्या मध्यवर्ती नोंदवहीत जाऊ लागली. वाड्यातील सामायिक विहिरीसारखी ही व्यवस्था होती. पाणी सर्वांचे, पण एक बिऱ्हाड सोडून गेले तर रहाट काढायचा की ठेवायचा, हे कोणी ठरवायचे?

त्यावर उपाय होता मोजणीचा. सामायिक फाईल किती प्रोग्राम वापरतात त्याचा आकडा रजिस्ट्रीत ठेवायचा. प्रोग्राम बसला की एक वाढवायचा, निघाला की एक वजा करायचा आणि शून्य झाल्यावर फाईल पुसायची. हिशेब चोख होता, परंतु तो प्रत्येक प्रोग्रामच्या कर्त्याने प्रामाणिकपणे मांडला तरच. एखाद्याने वाढवणे टाळले की फाईल अकाली पुसली जाई. एखाद्याने वजाबाकी टाळली की ती कायमची उरे. याच गोंधळाला ‘डीएलएल हेल’ असे बोलके नाव मिळाले.

१९९९ साली ऑफिस २०००बरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ आला. त्याने कीर्द-खतावणी स्वतःच्या हाती घेतली. प्रत्येक उत्पादनाला १२८ बिटांचा ओळखक्रमांक मिळाला. बसवण्याची क्रिया मध्येच फसली तर यंत्र पूर्वस्थितीला नेण्याची सोय झाली. जुने उत्पादन काढण्यासाठी लागणारी मूळ संचिका विंडोजच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवली जाऊ लागली.

गंमत अशी की, याच शिस्तीतून नवा अडथळा जन्मला. समजा, जागा मोकळी करण्याच्या भरात ती जपलेली संचिका कोणी पुसली. नवी आवृत्ती बसताना प्रथम जुनी काढू पाहते. जुनी काढण्याची कृती त्या संचिकेत आहे. संचिका नाही, म्हणून जुनी निघत नाही. जुनी निघत नाही, म्हणून नवी माघार घेते. त्रुटी क्रमांक १७१४ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चक्र ठाऊक असेल. प्रोग्राम गेला, नोंद राहिली. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही.

हा पीळ काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ हे साधन दिले होते. ते प्रोग्रामच्या फायलींना हात लावत नसे, केवळ इन्स्टॉलरच्या वहीतील नोंदी खोडत असे. अनेकांची त्याने सुटका केली. परंतु कधीकधी यंत्रावरील इतर घटकांचेही त्यामुळे नुकसान होई, म्हणून २०१० साली ते मागे घेण्यात आले. नोंद पुसणे सोपे असते; ती नोंद आणखी कोणाच्या आधाराची आहे, हे कळणे अवघड.

लिनक्सच्या जगाने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पात प्रत्येक पॅकेजच्या फायलींची यादी ठेवली जाते आणि एका पॅकेजची फाईल दुसऱ्याने झाकण्याचा प्रयत्न केल्यास सामान्यतः बसवणे तिथेच थांबते. काढण्याचेही दोन प्रकार आहेत : ‘रिमूव्ह’ केल्यास मांडणीच्या फायली राहतात, ‘पर्ज’ केल्यास त्याही जातात. काय उरणार, हे येथे अपघाताने ठरत नाही, वापरणारा ठरवतो. सी-डॅकची भारतीय ‘बॉस लिनक्स’ प्रणाली डेबियनवरच उभी असल्याने हा वारसा तिच्याकडेही आला.

यापुढचे पाऊल नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात पडले. एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ सालच्या प्रबंधातील ‘निक्स’ पद्धतीत प्रत्येक घटकाला त्याच्या घडणीवरून काढलेले हॅश-नाव आणि स्वतंत्र घर मिळते. जुन्यावर नवे लिहिलेच जात नाही, त्यामुळे जुने नव्याची वाट अडवत नाही. ज्याचा आधार कोणालाच लागत नाही, ते पुढे सावकाश झाडून काढता येते. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत घडलेल्या ‘स्पॅक’ने हा विचार महासंगणकांपर्यंत नेला. त्याच्या जोडीला १९९१पासूनची ‘मॉड्यूल’ पद्धत आहेच. तिच्यामुळे एकाच यंत्रावर एका लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या गुण्यागोविंदाने नांदतात.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसेल. लोखंडावरील चुंबकीय क्षेत्र शून्यावर आणले तरी त्याचे चुंबकत्व शून्य होत नाही. त्याची आजची स्थिती त्याच्या गतकाळावर अवलंबून असते. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात. संगणकही तसाच आहे. म्हणूनच एकच प्रोग्राम दोन यंत्रांवर वेगळा वागू शकतो. संशोधनात याची किंमत मोठी आहे : आपल्या नकळत एखादी जुनी लायब्ररी जोडली गेली, तर उत्तर बदलू शकते आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत ते पुन्हा मिळत नाही.

आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानात यावर हमखास सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारा.’ त्याने अवशेष जातात खरे, पण जपून न ठेवलेली प्रबंधाची आकडेवारीही त्यांच्याबरोबर जाते. त्याआधी करण्यासारखे बरेच आहे. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. मग प्रोग्रामचे स्वतःचे काढण्याचे साधन वापरावे. ते अडले तर तीच जुनी आवृत्ती पुन्हा बसवून पाहावी; हरवलेली संचिका परत मिळाली की जुना प्रोग्राम पुष्कळदा निमूट निघतो. नंतर प्रणालीच्या कर्त्यांचे अधिकृत दुरुस्ती-साधन, आणि रजिस्ट्रीला स्वतः हात लावणे सर्वांत शेवटी, तेही तिची प्रत ठेवूनच.

नवा प्रोग्राम बसला नाही म्हणून ‘मला संगणकातले कळत नाही’ असे मानणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा. जी गाठ सोडवायला जगातील निष्णात अभियंत्यांना दशके लागली, ती एका संध्याकाळी सुटली नाही तर त्यात कमीपणा कसला? गाठ कुठे पडली आहे ते आधी पाहावे. कात्री हाती घेण्याची वेळ फार क्वचित येते.