शिक्षकाची पदवी आणि पाठटिपणांच्या वह्या

आपल्या प्रांतांतील शिक्षणाचा इतिहास लिहितांना सरकारी खलिते, कमिशनांचे अहवाल व खात्याचीं वार्षिक प्रतिवृत्तें यांवरच बहुधा भिस्त ठेवण्यांत येते. नोकरी संभाळून अध्यापनाची पदवी मिळविणाऱ्या शिक्षकाच्या घरचे कागद या कामीं फारसे कोणी हातीं घेत नाहीं. बखरी व सनदा जपणाऱ्या संग्राहकांस शाळामास्तराची वही क्षुद्र वाटणें साहजिक आहे. तथापि पदवीसाठीं लिहिलेल्या पाठटिपणांच्या वह्या हें अव्वल दर्जाचें साधन आहे, व तें आमच्या डोळ्यांदेखत रद्दींत जात आहे.

प्रथम पूर्वपीठिका. मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८४५ च्या सुमारास शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग निघाला. त्याची व्यवस्था बाळशास्त्री जांभेकर यांजकडे होती. १८४६ सालीं ते वारल्यावर ती दादोबा पांडुरंग यांजकडे आली. आधीं शिक्षण आणि मग शाळा, असा येथें क्रम होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याचाहि कल बव्हंशीं तोच. इंग्रजी शाळांतील शिक्षकाची गोष्ट मात्र निराळी. त्याला विद्यापीठाची पदवी असली कीं शिकविण्याची कला अंगीं आलीच, असा समज होता. १८८२ च्या हंटर कमिशननें त्यास धक्का दिला. अध्यापनाचीं तत्त्वें व प्रत्यक्ष पाठ यांची परीक्षा असावी, आणि ती उतरल्याखेरीज सरकारी वा अनुदानित दुय्यम शाळेंत कायमची नेमणूक होऊं नये, अशी त्याची शिफारस होती.

याच कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं निवेदन दिलें. प्राथमिक शिक्षक होतां होईतों शेतकरी वर्गांतून घेऊन शिकवून तयार करावे, त्यांस दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन नसावें, आणि मोठ्या गांवीं तें १५ ते २० रुपये असावें, अशी त्यांत मागणी आहे. शिक्षकाची तयारी व त्याचें पोट यांचा संबंध इतक्या स्पष्टपणें मांडणारा त्या काळचा दुसरा कागद आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुढें १९०४ च्या कर्झनच्या ठरावास अनुसरून १९०६ सालीं मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालें. पुण्यास टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ मध्यें स्थापन झालें. त्या अवधींत, १९३६ सालीं, मुंबई विद्यापीठानें एम. एड. ही पदवी सुरू केली. या संस्थांची कामगिरी थोर आहे, यांत वाद नाहीं. पण ज्याच्या हातीं वर्ग आधींच होता, त्याच्यापुढें त्यांनीं नवा पेंच उभा केला. वर्षभर रजा मिळणार कशी? मिळाली तर घर कशावर चालावें? शिवाय पदवीचे पाठ द्यावयाचे ते परक्या शाळेंत, परक्या मुलांपुढें. तीं मुलें दर वर्षीं नवे मास्तर पाहून इतकीं सरावलेलीं असत कीं, प्रश्न पुरा होण्यापूर्वींच हात वर करीत.

येथें कालिदासाच्या मालविकाग्निमित्राचें स्मरण होतें. गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, याचा निवाडा स्वतः त्यांच्या नृत्यावरून न करतां त्यांच्या शिष्येच्या प्रयोगावरून करावा, असें तेथें ठरतें. विद्या स्वतःच्या अंगीं असणें एक आणि ती दुसऱ्यांत उतरविणें दुसरें; दोन्ही ज्याला साधलीं तोच शिक्षकांचा अग्रणी, असा परिव्राजिकेचा अभिप्राय आहे. शिक्षकाची परीक्षा त्याच्याच शिष्यांवरून व्हावी, हें मत आम्हांस परक्या शाळेंतील वीस पाठांपेक्षां अधिक मान्य आहे.

हा पेंच सोडविण्याचे प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाले. १९६६ पासून भोपाळ, अजमीर, म्हैसूर व भुवनेश्वर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनीं दोन उन्हाळी सुट्या आणि मधल्या काळांतील पत्रव्यवहार यांतून बी. एड. चा क्रम चालविला. १९८९ सालीं नाशिकास मुक्त विद्यापीठ स्थापन झालें व त्याच्या बी. एड. मुळें खेड्यापाड्यांतील सेवेंतल्या शिक्षकास शाळा न सोडतां पदवीधर होतां आलें. २०१७ च्या कायदेदुरुस्तीनें अप्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांस ३१ मार्च २०१९ ही अखेरची मुदत घातली. ती पदविकेची गोष्ट, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं.

आतां वह्यांकडे वळूं. त्यांवर नांव असतें, पण साल पुष्कळदां नसतें. तरीहि हस्तलिखिताप्रमाणेंच अंतर्गत पुराव्यावरून काळ ठरवितां येतो. मुखपृष्ठावर बी. एड. ऐवजीं बी. टी. असेल तर वही जुन्या पिढीची. पाठ हर्बार्टच्या अनुयायांनीं घालून दिलेल्या पंचपदीनें चालला असेल, तर तोहि जुन्याचाच कौल. गणितांत आणे-पै असतील तर लेखन बहुधा १ एप्रिल १९५७ च्या अलीकडचें नव्हे. उद्दिष्टें व त्यांचीं स्पष्टीकरणें असे रकाने आले कीं, ब्लूमचा १९५६ चा ग्रंथ आपल्याकडे पोंचल्यानंतरची, म्हणजे १९६० च्या पुढची वही समजावी. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ १९७० नंतरचे. ज्ञानरचनावाद हा शब्द पानोपानीं दिसला तर २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतरचे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं अनुस्वार गेले, हीहि एक खूण आहे. मात्र ती जपून वापरावी, कारण आमच्यासारख्या कित्येकांनीं ते अद्याप सोडलेले नाहींत.

पाठचिकित्सेचा अभ्यास असलेल्यांस येथें आणखी एक मौज सांपडेल. पुढच्या वर्षाचा विद्यार्थी मागच्याची वही उतरून घेतो, ही रीत जुनीच. आमच्या संग्रहांतील तीन वह्यांत संधीच्या एकाच पाठांत एकच उदाहरण सारखें चुकलें आहे. समान अपपाठावरून समान मूळ प्रत, हा न्याय लावला तर तिघांनींहि एकाच वहीवरून उतरवलें हें उघड होतें. अशी प्रत वर्गांत काय घडलें याचा पुरावा होऊं शकत नाहीं.

सेवेंतील शिक्षकाची वही बहुधा निराळी निघते. वर्ग त्याचाच असल्यामुळें तारखा सलग असतात, पटावर किती व हजर किती हा आंकडा खरा असतो, पेरणीच्या दिवसांत तो खालीं येतो, आणि समासांत पुन्हां शिकवावयाच्या भागावर खूण केलेली आढळते. गेल्या शतकांत मराठी मुलास वर्गांत प्रत्यक्ष काय सांगितलें गेलें, हें क्रमिक पुस्तकावरून कळत नाहीं. तें या समासांत आहे. शिक्षक निवृत्त होतो, घर बदलतें, आणि सेवापुस्तिका व प्रमाणपत्रें ठेवून वह्या तेवढ्या वजनावर जातात.

संग्राहकांनीं अशी वही मिळाल्यास तिला नवें पुठ्ठें बांधण्याची घाई करूं नये. पर्यवेक्षकाचे शेरे पुष्कळदां मूळ पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूस असतात, आणि वेळापत्रकाची किंवा गुणपत्रकाची घडी शेवटच्या पानास टांचलेली असते. ती टांचणी गंजली असली तरी घडी कोणत्या पानाशीं होती हें टिपून घेतल्यावरच काढावी.