गेम कन्सोलचे चित्र टीव्हीवर न दिसल्यास

सुरतच्या डिंडोली परिसरात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथे काय वा अन्यत्र काय, ‘नो सिग्नल’ दिसताच कन्सोल बिघडला असे समजणे घाईचे ठरते. केबल ज्या एचडीएमआय पोर्टला जोडली आहे, तोच इनपुट टीव्हीवर निवडावा. नंतर दोन्ही उपकरणे बंद करून केबल पुन्हा घट्ट बसवावी. दुसरे पोर्ट, दुसरी केबलही वापरून पाहावी.

तरीही पडदा काळाच राहिल्यास टीव्हीला न झेपणारे रिझोल्यूशन हे कारण संभवते. प्लेस्टेशन ४ वा ५ बंद करून पॉवर बटण सुमारे ७ सेकंद, दुसरी ‘बीप’ ऐकू येईपर्यंत दाबून धरल्यास सेफ मोड उघडतो. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून तेथे रिझोल्यूशन बदलता येते.

दुसऱ्या टीव्हीवरही चित्र न आल्यास कन्सोलचे पोर्ट तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.