सिएना नगराचा चौक

परदेशांतील नगरें पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा शिखरें व घुमट यांकडे दृष्टि लावून चालतो. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमवेत मी इटलींतील सिएना येथें गेलों, तेव्हां आमचेंही तसेंच झालें. अरुंद, चढउताराच्या गल्लींतून 'काम्पो' नामक चौकांत पाऊल ठेवतांच सर्वांच्या माना समोरच्या उंच मनोऱ्याकडे वळल्या. मीं त्यांस म्हटलें, आधीं खालीं बसा. तेथील लोकही भुईवरच बसतात, आणि चौक पाहण्याची खरी रीत तीच होय.

हा चौक सपाट नाहीं. तीन टेकड्या जेथें मिळतात त्या खोलगट जागीं तो शिंपल्याप्रमाणें पसरला असून नगरसभेच्या वाड्याकडे उतरत जातो. पावसाचें पाणी सर्व बाजूंनीं वाहून वाड्यासमोरील मोरींत शिरतें. तांबड्या विटांची फरसबंदी १३४९ सालीं पुरी झाली; पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनीं तिचे नऊ भाग केले आहेत. नऊच कां? १२८७ पासून १३५५ पर्यंत नगराचा कारभार 'नऊ जणांच्या' मंडळाकडे होता, त्याची ही खूण मानतात.

हे नऊ जण व्यापारी व सावकार वर्गांतील. प्रत्येक मंडळाची मुदत अवघी दोन महिन्यांची. जुन्या सरदार घराण्यांस त्यांत मज्जाव होता, आणि कष्टकऱ्यांसही वाव नव्हता. तेव्हां ह्या कारभारास लोकसत्ता म्हणण्याची घाई करूं नये. तरी ह्याच राजवटींत १२९७ सालीं एक विलक्षण नियम झाला. चौकाकडे तोंड करून जो कोणी घर बांधील, त्यानें खिडक्या बारीक खांबांच्याच ठेवाव्या, पुढें सज्जा काढूं नये. त्याच सुमारास नगरसभेचा वाडा उभा राहूं लागला होता. त्याच्या खिडक्यांशीं इतरांच्या खिडक्या जुळाव्या, हा हेतु. जमीन घरमालकाची, पैसा घरमालकाचा. परंतु भिंतीच्या दर्शनी अंगावर साऱ्या नगराचा हक्क, असा मीं ह्या नियमाचा अर्थ लावतों. सान्सेदोनी घराण्याचा वाडा पाहा: चौकाच्या गोलाईबरोबर त्याची भिंतही वळली आहे.

नगरसभेच्या वाड्यांत, नऊ जणांच्या दालनाच्या भिंतींवर, आंब्रोजो लोरेन्झेत्ती ह्या चित्रकारानें १३३८-३९ मध्यें सुराज्य व कुराज्य यांचीं चित्रें रंगविलीं. सुराज्याच्या नगरांत दुकानें उघडीं आहेत आणि उंचावर गवंडी काम करीत आहेत. राज्यकर्त्यांस आपलें राज्य कसें दिसावेंसें वाटे, तें ह्यांत कळतें. तें तसें होतेंच, असें नव्हे.

आणि त्यानंतर दहाच वर्षांनीं महामारी आली. १३४८ च्या प्लेगांत निम्मी तरी प्रजा दगावली असावी. १३३९ मध्यें नगरानें आपल्या मुख्य देवालयाचा प्रचंड विस्तार आरंभिला होता. जुनें देवालय हें नव्याचा केवळ आडवा भाग व्हावें, एवढी ती महत्त्वाकांक्षा! तें काम सोडून द्यावें लागलें. चौकाची फरसबंदी मात्र प्लेगानंतर वर्षभरांत पुरी झाली, ह्याचें मला अजून आश्चर्य वाटतें.

त्या देवालयाची अर्धवट भिंत आजही उघडी उभी आहे. अखेरच्या दिवशीं आम्ही तिच्यांतील जिन्यानें वर चढलों. खालीं मनोऱ्याची सांवली विटांवरून सरकत होती, आणि उन्हाला कंटाळलेलीं माणसें तिच्याबरोबर थोडथोडीं सरकून बसत होतीं.